जस्ताचे राखणदार

विल्यम स्टर्जन हा लँकशायरमधल्या गरीब घरातला मुलगा. जोडे शिवायला शिकण्यासाठी त्याला एका कारागिराकडे ठेवले होते. तिथे हाल झाले, म्हणून तो सैन्यात गेला. तोफखान्यात त्याने बरीच वर्षे काढली आणि रात्री जागून गणित, लॅटिन आणि विजेचे शास्त्र स्वतःच शिकून घेतले. १८२४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिस्कोंब येथील लष्करी विद्यालयात तो विज्ञानाचा व्याख्याता झाला. हिंदुस्थानात येणारे कंपनीचे तरुण अधिकारी याच विद्यालयात तयार होत. पुढच्याच वर्षी त्याने लोखंडाच्या वाकवलेल्या सळईला तार गुंडाळून विद्युतचुंबक बनवला आणि त्याचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले. १८३० मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकातली दुसरी एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांनी फारशी उचलली नाही. बॅटरीतल्या जस्ताच्या पट्ट्यांना पारा चोळा, असे त्याने त्यात सुचवले होते.

ही सूचना किती मोलाची होती हे कळायला त्या काळच्या बॅटऱ्या डोळ्यांसमोर आणाव्या लागतात. व्होल्टाने १८०० साली चांदी आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचून, मधे खारवलेले पुठ्ठे घालून पहिला विद्युतस्तंभ उभा केला. नंतर पट्ट्या मोठ्या झाल्या, पुठ्ठ्यांच्या जागी आम्लाने भरलेली पन्हळी आली आणि त्याच जोरावर डेव्हीने १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पण या सगळ्या यंत्रांत एक उधळपट्टी होती. जस्त आम्लात बुडाले की तार जोडलेली असो वा नसो, बुडबुडे सुटू लागत. वीज कोणी वापरत नसतानाही जस्त झिजे. म्हणून पट्ट्या लाकडी दांडीला टांगत, प्रयोग सुरू होताना खाली सोडत आणि संपताच घाईने वर ओढत. बॅटरी रिकामी बसली तरी तिचा खर्च चालूच राहतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. जस्ताच्या बॅटरीचा पुढचा सगळा इतिहास याच तक्रारीभोवती फिरतो.

स्टर्जनची रीत सोपी होती. पट्टी पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवून स्वच्छ करायची आणि तिच्यावर पारा टाकून चोळायचा. जस्त पाऱ्यात विरघळते, त्यामुळे काही क्षणांत काळपट पट्टी आरशासारखी चमकू लागते. गल्लीत कल्हईवाला बसला की नवसागराची धूळ उडते आणि पितळेच्या पातेल्यात कथील पसरून लख्ख पांढरे होते. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना हे दृश्य नवीन वाटणार नाही. अशी पट्टी आम्लात सोडली तर ती जवळजवळ शांत राहते आणि तार जोडली की कामाला लागते. एडिंबरोच्या केंपने त्याआधी पाऱ्यात विरघळवलेले जस्त बॅटरीत वापरून पाहिले होते, त्यामुळे श्रेयाचा झगडा आहेच. पण पट्टीवर नुसता पातळ थर पुरतो, हे लोकांच्या हाती आले ते स्टर्जनमुळे.

असे का होते, याचे अर्धे उत्तर त्याच वर्षी जिनिव्हाच्या ऑग्युस्त द ला रीव्हने दिले. शुद्ध जस्त आम्लात फार सावकाश विरघळते आणि बाजारातले जस्त भराभर विरघळते, असे त्याला आढळले. बाजारी जस्तात लोखंडाचे कण असतात. प्रत्येक कण आणि त्याच्या शेजारचे जस्त मिळून एक चिमुकली बॅटरी होते आणि ती कायमची जोडलेली असते. पारा या कणांना झाकतो आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा करतो. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आणखी पाऊणशे वर्षे थांबावे लागले.

फॅरेडेला ही पट्टी फार उपयोगी पडली. किती जस्त झिजल्यावर किती वीज मिळते याचा पक्का हिशेब तो १८३४ च्या सुमारास मांडत होता आणि विजेवाचून झिजणारे जस्त तो हिशेब बिघडवत होते. पारा लावलेल्या जस्ताने ही गळती थांबवली. त्याचा मित्र जॉन फ्रेडरिक डॅनियल लंडनच्या किंग्ज कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि १८३५ पासून ॲडिस्कोंबलाही शिकवत होता. १८३६ मध्ये त्याने मोरचुदाचे द्रावण भरलेल्या तांब्याच्या भांड्यात बैलाच्या अन्ननलिकेची पिशवी टांगली, पिशवीत आम्ल भरले आणि त्यात पारा लावलेली जस्ताची कांडी उभी केली. तासन्‌तास एकसारखा प्रवाह देणारी ही पहिली बॅटरी. दोन द्रावणे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती अन्ननलिकेची पिशवी, आणि जस्त वाया जाऊ नये म्हणून पारा. पुढे पिशवीच्या जागी बिनझिलईच्या मातीचे भांडे आले आणि तारयंत्रांच्या कचेऱ्यांत असे घट रांगेने मांडले गेले.

याच दशकात, १८३७ मध्ये, पॅरिसच्या स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले. कोकणातल्या पावसात घरावर टिकणारा जस्ती पत्रा त्याच पेटंटचा वंशज. जस्त स्वतः झिजते आणि खालच्या लोखंडाला वाचवते. म्हणजे छपरावर ज्या स्वभावाची कदर झाली, त्याच स्वभावावर बॅटरीत पहारा बसवावा लागला. इलेक्ट्रॉन सोडून द्यायची जस्ताला घाई असते आणि बॅटरीची ताकद त्या घाईतच आहे. प्रमाणित मोजपट्टीवर हायड्रोजन शून्यावर धरला, तर जस्त उणे ०.७६ व्होल्टवर बसते. कागदावरचा हिशेब असा, की पाण्यातले जस्त पाण्यातून हायड्रोजन हुसकून काढेल आणि स्वतः संपून जाईल. पाण्याची आणि जस्ताची बॅटरी टिकूच नये. ती टिकते, कारण ही क्रिया व्हायची असली तरी फार मंद चालते. राखणदाराचे काम एवढेच, की तिला आणखी मंद करायचे.

१८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशेने आम्लाला रजा देऊन नवसागराचे पाणी आणि मँगनीज डायऑक्साइड घेतले. त्यानंतर वीस वर्षांनी कार्ल गासनेरने ते पाणी घट्ट करून कोरडा सेल केला आणि भांडेच जस्ताचे बनवले. एव्हाना बॅटरी दुकानाच्या फळीवर जाऊन बसली होती. प्रयोगशाळेत पट्टी वर ओढून ठेवता येत होती. फळीवरच्या सेलमध्ये मात्र जस्त महिनोन्‌महिने ओल्या मिश्रणाला लागून राहते, आणि सेल कधी विकला जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून डब्याच्या आतल्या बाजूला गव्हाचे पीठ आणि स्टार्चची खळ लावत आणि तिच्यात चिमूटभर मर्क्युरिक क्लोराइड मिसळत. डबा बंद झाला की त्यातला पारा सुटून जस्तावर आपोआप बसे. स्टर्जनला जे हाताने चोळावे लागत होते, ते काम आता खळच करू लागली.

हिंदुस्थानात हे सेल बनवण्यासाठी १९३४ मध्ये एव्हर रेडी कंपनी (इंडिया) स्थापन झाली. हीच कंपनी पुढे युनियन कार्बाइड इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली. भोपाळमुळे ते नाव ऐकवत नाही. पण वीज नसलेल्या हजारो खेड्यांत रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या हातात याच कंपनीचा टॉर्च असे.

पाऱ्याचे उरलेले अर्धे कोडे १९०५ मध्ये सुटले. वुर्झबर्गमध्ये काम करणाऱ्या युलिउस टाफेल या स्विस रसायनशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या धातूंवर हायड्रोजन सोडवायला किती जादा व्होल्टेज लागते ते मोजले. प्लॅटिनमवर तो सहज सुटतो, पाऱ्यावर महाकष्टाने. म्हणजे पारा फक्त मळ झाकत नव्हता, खुद्द हायड्रोजनचीच वाट अडवत होता. शिवाय तो द्रव असल्यामुळे जस्त झिजून खाली गेले तरी त्याच्यामागे सरकत राहतो, तडकत नाही, सोलवटत नाही. राखणदार म्हणून याहून चांगला निवडणे अवघड होते. १९५९ मध्ये युनियन कार्बाइडच्याच लुईस उरीने जस्ताची भुकटी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊन अल्कलाइन सेल घडवला, तेव्हाही पारा सोबत होताच. उलट भुकटीचा पृष्ठभाग मोठा असल्याने तो जास्तच लागे. तो कमी पडला तर आत वायू साठे आणि सेल फुगून फुटे.

त्याच काळात जपानमधल्या मिनामाता गावात मांजरे झिंगल्यासारखी वागत होती आणि माणसांचे हातपाय थरथरत होते. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी खाडीत जात होते आणि त्यातला मिथाइल पारा माशांतून माणसांच्या पोटात गेला होता. यात बॅटरीचा हात नव्हता. पण पारा या शब्दाला जपानमध्ये कायमचा डाग लागला. १९८०च्या दशकात कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातून सेलमधला पारा हवेत जातो, हे लोकांच्या लक्षात आले आणि कंपन्यांवर दडपण वाढले. तिथे १९९१ मध्ये साधे मँगनीजचे सेल आणि १९९२ मध्ये अल्कलाइन सेल पाऱ्याविना होऊ लागले. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा केला. २०१३ मध्ये त्याच गावाच्या नावाने पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला.

कायद्याने पारा गेला. पण तो करत असलेले काम कोणी तरी करायलाच हवे होते. ते वाटून दिले गेले. जस्त इतके शुद्ध केले गेले की लोखंड दशलक्षात काही भागांवर आले. भुकटीत इंडियम, बिस्मथ, ॲल्युमिनियम हे धातू अगदी थोडे मिसळले. यांपैकी इंडियम आणि बिस्मथवरही हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही. एका धातूचे काम तिघाचौघांना मिळून करावे लागले. हे सगळे एकदाच वापरून टाकायच्या सेलपुरते होते. तिथे जस्ताला फक्त विरघळायचे असते.

पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत जस्ताला परतही यावे लागते, आणि इथे पाऱ्याचीसुद्धा मात्रा चालली नव्हती. एडिसनने निकेल आणि जस्ताच्या बॅटरीचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. पुढे मात्र तो लोखंडाकडे वळला. आयर्लंडच्या जेम्स ड्रमने निकेल-जस्ताची बॅटरी खरोखर रेल्वेत बसवली, आणि १९३२ ते १९४९ त्याच्या गाड्या डब्लिन-ब्रे मार्गावर धावल्या. हे प्रकरण खरे तर स्वतंत्र लेखाचे आहे. कोळशासाठी इंग्लंडकडे बघायचे नाही, ही नव्या आयरिश राज्याची जिद्द त्यामागे होती. तांत्रिक अडचण मात्र सगळ्यांची एकच होती. चार्ज करताना द्रावणातले जस्त पट्टीवर परत बसते, पण सपाट बसत नाही. जिथे जरासा उंचवटा असेल तिथे विद्युतक्षेत्र तीव्र होते, तिथे जास्त आयन ओढले जातात, उंचवटा आणखी वाढतो. असे करत करत फांद्या फुटलेले काटे पलीकडच्या इलेक्ट्रोडला जाऊन भिडतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. फ्रेंच आंरी आंद्रेने १९४१ मध्ये मधे सेलोफेनचे पडदे घालून चांदी-जस्ताचा सेल चालवला. स्पुटनिकने १९५७ मध्ये याच जातीच्या बॅटऱ्यांवर बीप-बीप केले. पण पडदा काट्याला अडवतो, उगवण्यापासून परावृत्त करत नाही.

१९८६ मध्ये टोकियोच्या यामामोतो आणि शोजी यांनी अल्कली सोडून झिंक सल्फेटचे सौम्य आम्लधर्मी पाणी घेतले आणि मँगनीज डायऑक्साइडबरोबरचा सेल पुन्हा पुन्हा चार्ज होतो हे दाखवले. तेव्हा जग लिथियमच्या नादात होते. सोनीची लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि जस्ताची ही वाट पंचवीसेक वर्षे बहुतेकांच्या विस्मृतीत गेली. २०१२ मध्ये शेन्झेनमधल्या त्सिंगहुआच्या शाखेतील श्यू छंगजुन, कांग फेइयू आणि सहकाऱ्यांनी तिला झिंक-आयन बॅटरी हे नाव देऊन पुन्हा पुढे आणले. लिथियमच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या आगी एव्हाना बातम्यांत येऊ लागल्या होत्या. पाण्याची बॅटरी पेट घेत नाही. एक ग्रॅम जस्त तत्त्वतः ८२० मिलिअँपिअर-तास देते आणि एक घनसेंटिमीटर ५,८५५. कारखान्यात कोरड्या हवेची खोली लागत नाही.

मग जुने दुखणे पुन्हा उपटले. सल्फेटच्या द्रावणात जस्त रिकामे बसले की थोडा हायड्रोजन सुटतो. त्यामुळे पृष्ठभागाशी आम्लता कमी होते आणि तिथे झिंक हायड्रॉक्साइड सल्फेटचे पापुद्रे जमतात. हे पापुद्रे सच्छिद्र आणि विस्कळीत असतात, त्यांनी संरक्षण होत नाही. उलट पृष्ठभाग खडबडीत होतो आणि काट्यांना उगवायला जागा मिळते. स्टर्जनची तक्रार आणि ड्रमची अडचण इथे एकमेकींच्या हातात हात घालून आल्या.

यावर उपाय म्हणून २०१८ पासून जस्तावर द्यायच्या लेपांचा पूर आला. पहिल्या लक्षवेधी लेपांपैकी एक होता कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा. चीनमधल्या कांग लिताओच्या गटाने त्याच्या सूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर जस्ताच्या पत्र्यावर दिला. आयन छिद्रांतून सगळीकडे सारखे खाली जातात आणि जस्त थराखाली बऱ्यापैकी सपाट बसते. चुनखडीइतका स्वस्त माल पाहून अनेकांना हुरूप आला. पाठोपाठ केओलिन आले, टायटॅनियम डायऑक्साइड आला.

मला यांतला सर्वांत आवडलेला धागा छिंगदाओच्या त्सुइ ग्वांगलेइ यांच्या गटाचा. २०१९ मध्ये त्यांनी नायलॉनच्या कुळातल्या पॉलिअमाइडचा लेप दिला, आणि ही कल्पना विजेच्या मुलाम्याच्या धंद्यातून घेतल्याचे शीर्षकातच मान्य केले. मुलामा देणाऱ्या कारखान्यांत टाकीत ब्राइटनर घालतात. ते रेणू उंचवट्यांवर जाऊन चिकटतात, तिथली वाढ रोखतात आणि मुलामा चकचकीत येतो. पॉलिअमाइड आयनांना पृष्ठभागावर मनसोक्त भटकू देत नाही, शिवाय पाण्याला जस्तापासून दूर ठेवते. त्यांच्या नमुन्याने आठ हजार तासांहून जास्त काम केल्याचे छापले गेले, म्हणजे उघड्या जस्ताच्या साठपट. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लिंडन आर्चर यांच्या गटाने दुसरेच टोक गाठले. जस्ताचे स्फटिक षटकोनी आणि ग्राफिनची जाळीही षटकोनी, तेव्हा ग्राफिनच्या थरावर जस्त पडले तर ते आडव्या पापुद्र्यांनीच वाढते. मग तियानजिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये इंडियमचा लेप मांडला. अल्कलाइन सेलमध्ये पाऱ्याच्या जागी आलेला हाच धातू. त्याच्यावर हायड्रोजन सुटायला नाखूश, आणि जस्त मात्र समान बसते.

आता तासांच्या आकड्यांकडे जरा संशयाने पाहायला हवे. हे प्रयोग बहुतेक वेळा जस्तासमोर जस्तच ठेवून नाण्याएवढ्या सेलमध्ये करतात. पत्रा शंभर मायक्रॉन जाडीचा असला तर दर चौरस सेंटिमीटरला त्यात अठ्ठावन्न-साडेअठ्ठावन्न मिलिअँपिअर-तासांचा साठा असतो. प्रत्येक फेरीत त्यातला एकच मिलिअँपिअर-तास इकडून तिकडे नेला, तर लेपाखाली जेमतेम पावणेदोन मायक्रॉन जस्त हलते. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के नुसते राखीव बसून असते. खऱ्या बॅटरीत एवढे राखीव जस्त कोणी विकत घेणार नाही, कारण मग वजन आणि किंमत दोन्ही हाताबाहेर जातात. अर्धे जस्त हलू लागले की लेपाखालची जमीन प्रत्येक फेरीत वरखाली होते आणि खडूसारखा कडक थर तडकतो. छिंगदाओच्या निबंधात पंच्याऐंशी टक्के जस्त वापरूनही पाहिले होते. दुसरी फसवणूक जास्त धूर्त आहे. एखादा बारीक काटा पलीकडे हलकेच टेकला तरी असा सेल लगेच बंद पडत नाही. व्होल्टेजची रेघ उलट अधिक स्थिर दिसू लागते आणि शॉर्ट झालेला सेल शेकडो तास निरोगी म्हणून मोजला जातो.

आणि हे सगळे सेल अखंड चालू ठेवलेले असतात. जस्ताची खरी परीक्षा रिकामे बसण्यात आहे, हे १८३० मध्ये ॲडिस्कोंबच्या त्या व्याख्यात्याला पुरते ठाऊक होते. सौर पॅनेलला जोडलेली बॅटरी पावसाळ्यात कित्येक दिवस नुसती भरून पडून राहील. अलीकडे काही प्रयोगशाळा सेल चार्ज करून, तसाच ठेवून, मग त्यातून किती वीज परत मिळते ते मोजू लागल्या आहेत. ताजे बसलेले जस्त पत्र्यापेक्षा भुसभुशीत असते, त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि तेच सगळ्यांत आधी गंजते. एखादा नवा लेप पुढे आला की पडून राहिल्यावर किती वीज परत मिळाली, हा आकडा मी आधी शोधतो.